हाडाच्या तुकड्याला वेळ द्या



"तुकडा तपासायला पाठवलाय." घरून आलेल्या फोनवर हे वाक्य ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्यानंतरचा आपला पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "रिपोर्ट कधी मिळणार?" उत्तर 'आठ-दहा दिवस' असं आलं, की आपण इथे परदेशात बसून सूत्रं हलवायला लागतो. शाळेतल्या डॉक्टर मित्राला मेसेज जातो. भावाला सांगितलं जातं, "तू स्वतः लॅबमध्ये जाऊन उभा राहा, त्याशिवाय तिथे कोणी हलत नाही." कुणी तरी म्हणतं, "दुसऱ्या लॅबमध्ये दोन दिवसांत देतात, तिकडे पाठवा." जवळ नसल्याची बोचणी आपण अशी फोनवरून फेडत असतो. हे मी नावं ठेवायला म्हणत नाही, मीही ते केलेलं आहे.

पण आज माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तो तुकडा हाडाचा असेल, तर ही घाई करू नका. उशीर होतोय तो आळसामुळेच, असं धरून चालू नका. हाडाच्या तुकड्याच्या बाबतीत वेळ हा तपासणीचाच एक भाग असतो. तो वेळ कापला, तर रिपोर्ट लवकर मिळतो, पण त्यातली सगळ्यात कामाची ओळ चुकीची निघू शकते.

मी गेली चौदा वर्षं इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या हिस्टॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शरीरातून काढलेल्या तुकड्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल अशी काच तयार करणं, हे आमचं काम. निदान पॅथॉलॉजिस्ट करतात, पण त्यांना काय दिसणार आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी आमच्या हातात असतं. त्या कामातल्या एका पायरीबद्दल आज सांगते. तिचं नाव डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढून टाकणं. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'डीकॅल' म्हणतो.

अळूवडीतला खडा

तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये राहतो, म्हणजे तो सडत नाही आणि पेशी जशा होत्या तशा टिकतात. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतात. थंड झाल्यावर मेणाची एक वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या वडीचे काप काढायचे. काप किती पातळ, तर ३ ते ५ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग.

आता अळूवडीचा उकडलेला उंडा डोळ्यांसमोर आणा. सुरी धारदार असेल तर काप कसे सुरेख पडतात. पण पिठात एक बारीक खडा राहून गेला असेल तर? सुरी अडते, खडा ओढला जातो आणि सगळी वडी फाटते. मेणाच्या वडीत हाड असलं की नेमकं हेच होतं. भोवतीचं मेण मऊ, मधलं हाड दगडासारखं. पात्याची धार जाते, काप फाटतो आणि काचेवर फक्त चुरा येतो.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या या खनिजाचं नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिजामुळे हाड कडक होतं आणि कोलॅजनमुळे ते सहजी तडकत नाही. आम्हाला बघायच्या असतात त्यातल्या पेशी, कोलॅजनची रचना आणि पोकळ्यांमधला मगज. म्हणून खनिज काढून टाकायचं आणि बाकी सगळं होतं तिथेच ठेवायचं, अशी ही कसरत आहे.

मुलांना दाखवायला घरी एक सोपा प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि रोज व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी ते हाड हाताने वाकेल. आकार तोच, पण रबरासारखं लवचीक. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर अंडं ठेवा. कवचावर लगेच बुडबुडे दिसतील. कवचातला कार्बोनेट ॲसिडमध्ये विरघळताना निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. हाडातही थोडा कार्बोनेट असतो, त्यामुळे लॅबमध्ये तीव्र ॲसिडमध्ये हाड टाकलं की तेही असंच फसफसतं.

सगळं कॅल्शियम काढणं नेहमीच परवडतं असंही नाही. दाताच्या वरच्या चकचकीत थराचं, म्हणजे इनॅमलचं, उदाहरण घ्या. त्यात वजनाने ९६ टक्के खनिज असतं. दात डीकॅल केला की इनॅमल अख्खं विरघळून जातं आणि काचेवर त्याच्या जागी मोकळी जागा दिसते. इनॅमलच बघायचं असेल तर दात तसाच घासून पातळ करावा लागतो. म्हणजे कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे ते आधी ठरवायचं आणि मग पद्धत निवडायची. माझ्या सगळ्या म्हणण्याचं सार खरं तर एवढंच आहे.

ॲसिड आणि खेकडा

कॅल्शियम काढायचे मुख्य रस्ते दोन. पहिला ॲसिडचा. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडच्या ५ ते १० टक्क्यांच्या द्रावणात छोटा तुकडा काही तासांत मऊ होतो. ॲसिडमधले हायड्रोजनचे आयन खनिजाची जाळी मोडतात आणि कॅल्शियम क्षाराच्या रूपात पाण्यात उतरतं. फॉर्मिक ॲसिड त्यातल्या त्यात सौम्य. मुंगी चावल्यावर आग होते त्यात असतं तेच. त्याला जास्त वेळ लागतो. बारीक तुकड्याला काही तास ते एक रात्र, मोठ्याला कित्येक दिवस.

दुसरा रस्ता ईडीटीएचा. तुम्ही रक्त तपासायला देता तेव्हा जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नाही, कारण नळीत ईडीटीए असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते धरून ठेवतं. मेयॉनेजच्या बाटलीवर ई३८५ असं लिहिलेलं दिसलं, तर तोही याच कुटुंबातला पदार्थ. फर्डिनांड म्युन्झ या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली जर्मनीत तो प्रथम तयार केला, तो कापड उद्योगासाठी. साबणाला फेस येऊ न देणाऱ्या जड पाण्यातलं कॅल्शियम बांधून टाकायचं होतं.

ईडीटीएचा रेणू कॅल्शियमच्या आयनाला एकाच वेळी सहा जागी पकडू शकतो. अशा पकडीला रसायनशास्त्रात कीलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. कोकणातल्या माणसाला याहून अधिक समजावायला नको. खेकड्याने एकदा धरलं की धरलं. पण ईडीटीए स्फटिकाच्या फक्त बाहेरच्या थरातलं कॅल्शियम उचलतं. तो थर गेला की आतला उघडा पडतो, मग तो. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा स्फटिक बारीक होत जातो. म्हणून हे काम सावकाश होतं. सुईने काढलेल्या बारीक तुकड्याला एक-दोन दिवस, आणि खुब्याच्या हाडाच्या जाड चकतीला कित्येक आठवडे. द्रावण मात्र उदासीन असतं, पीएच ७ च्या आसपास. खनिज सोडून बाकी कशालाही ते फारसा धक्का लावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन्हींनी कॅल्शियमच निघणार असेल, तर काही तासांचं काम सोडून दोन दिवसांचं कशाला निवडायचं?

ॲसिड आणखी काय नेतं

कारण ॲसिड कॅल्शियमवर थांबत नाही. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएलाही ते हात घालतं. डीएनएची चार अक्षरं आपण शाळेत शिकलो. त्यातली ए आणि जी ही दोन अक्षरं ॲसिडमध्ये साखळीवरून गळून पडतात, आणि मग साखळीही तुटायला लागते. ही गोष्ट नवी नाही. रॉबर्ट फॉयल्गेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ साली डीएनए रंगवण्याची जी पद्धत दिली, ती यावरच उभी आहे. कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडने ही अक्षरं मुद्दाम गाळायची आणि उघड्या पडलेल्या जागांना रंग लावायचा. त्यात ॲसिडचा वेळ मिनिटांमध्ये मोजतात. आणि इथे आपण तुकडा रात्रभर ॲसिडमध्ये ठेवायला निघालो आहोत.

याचा परिणाम साध्या काचेवरही दिसतो. नेहमीच्या रंगकामात केंद्रक निळंजांभळं आणि बाकीची पेशी गुलाबी दिसते. ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिलेल्या तुकड्यात केंद्रक निळं होतच नाही. सगळं एकसारखं गुलाबी, धुण्यात रंग गेलेल्या साडीसारखं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी, लांब सुट्टीच्या आधीच्या शुक्रवारी, मी एक तुकडा ॲसिडमध्ये ठेवला आणि संध्याकाळी काढायचा विसरले. मंगळवारी परत आले तेव्हा तो छान मऊ झाला होता, काप सुरेख पडले. पण काचेवर नुसती गुलाबी सावली होती. त्या रुग्णाचे आणखी दोन तुकडे फॉर्मालिनमध्ये शिल्लक होते म्हणून निभावलं. माझ्या वरिष्ठ बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ती काच माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही टाकून देऊ नकोस." ती अजून माझ्या खणात आहे.

म्हणून काम पूर्ण झालं का ते तपासत राहावं लागतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तुकड्याचा एक्स-रे काढायचा. पांढरे ठिपके दिसले तर कॅल्शियम शिल्लक आहे. दुसरा उपाय रसायनाचा. तुकडा ज्यात बुडवला होता ते थोडं ॲसिड घ्यायचं, अमोनियाने उदासीन करायचं आणि त्यात अमोनियम ऑक्झलेट घालायचं. पांढुरकं गढूळ झालं, तर कॅल्शियम अजून बाहेर येतंय. तो गढूळपणा कॅल्शियम ऑक्झलेटचा. बऱ्याचशा मुतखड्यांमध्ये हाच क्षार असतो. तुकडा वाकवून किंवा सुई टोचून बघायची जुनी सवयही आहे, पण त्याने पेशी चिरडतात.

इथपर्यंतची अडचण जुनी आहे आणि अनुभवी हातांना ती सांभाळता येते. खरी अडचण पुढची आहे, आणि ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोठी झाली आहे.

पूर्वी हाडाच्या तुकड्याकडून उत्तर हवं असायचं ते एवढंच: कर्करोग आहे की नाही, आणि असेल तर कुठला. ते ॲसिडमधून काढलेल्या काचेवरही बहुतेक वेळा सांगता येतं. आज प्रश्न बदलला आहे. स्तनाचा कर्करोग हाडात पसरला असेल तर डॉक्टरांना हवं असतं ते असं: या पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत का? हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का? फुप्फुसाचा असेल तर ईजीएफआर जनुकात बदल आहे का? कारण औषध त्यावर ठरतं. रिसेप्टर असतील तर हार्मोनच्या गोळ्या. हर-टू असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधं, जी १९९८ पासून वापरात आहेत. ही उत्तरं प्रथिनं आणि डीएनए शाबूत असतील तरच मिळतात.

तीव्र ॲसिडमध्ये राहिलेल्या तुकड्यात प्रथिनांची ओळख पुसट होऊ शकते, आणि डीएनएचे इतके तुकडे होतात की जनुकाची तपासणी चालतच नाही. जनुकाच्या तपासणीचं एक बरं असतं. ती फसली की यंत्र सांगतं, नमुना अपुरा आहे. प्रथिनाच्या तपासणीत तसं होत नाही. तिथे प्रथिन असेल तर तपकिरी रंग येतो, नसेल तर येत नाही. प्रथिन मुळातच नव्हतं म्हणून रंग आला नाही, की ते ॲसिडने नेलं म्हणून आला नाही, हे काच बघून कळत नाही. दोन्ही काचा सारख्याच दिसतात. रिपोर्टवर मात्र एकच शब्द येतो: निगेटिव्ह.

एका निगेटिव्हची गोष्ट

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आमच्या मंडळातली एक मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या आईला सात वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. तेव्हा रिसेप्टर पॉझिटिव्ह होते. गोळ्या झाल्या, सगळं ठीक होतं. आता खुबा दुखायला लागला, स्कॅनमध्ये हाडात डाग दिसला आणि बायोप्सी झाली. मैत्रीण इथून रोज फोन करत होती. तिनेच ओळखी काढल्या आणि दहा दिवसांचा रिपोर्ट तीन दिवसांत मिळवला. ते सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. आपण दूर असूनही आईसाठी काही तरी करू शकलो, हा.

रिपोर्ट होता: कर्करोग पसरलेला आहे, रिसेप्टर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

मी तिला विचारलं, "हाड कशात डीकॅल केलं होतं?" तिला अर्थातच माहीत नव्हतं. रिपोर्टवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाने लॅबमध्ये विचारलं. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "तुम्हाला घाई होती, म्हणून तीव्र ॲसिड वापरलं."

आता बघा, हा निगेटिव्ह खराही असू शकतो. पसरलेल्या गाठीचे रिसेप्टर मूळ गाठीपेक्षा वेगळे निघाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तर पुन्हा तपासतात. पण तो खोटाही असू शकतो. सगळा तुकडा ॲसिडमधून गेला होता, शिल्लक काही नव्हतं. आईंची तब्येत बघता पुन्हा सुई घालायला डॉक्टर तयार नव्हते. शेवटी सात वर्षांपूर्वीच्या गाठीच्या रिपोर्टवर विसंबून उपचार ठरवले गेले. ते बरोबर होते की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

यात वाईट कुणीच नव्हतं. लॅबवाल्याने ग्राहक सांगेल ते केलं. मुलीने आईच्या मायेने केलं. प्रश्न एवढाच की सात दिवस वाचवताना काय गमावतोय, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"पण इतके दिवस थांबायचं कसं?"

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. कर्करोग आहे की नाही हे न कळता काढलेली एकेक रात्र काय असते, ते ज्याने काढली त्यालाच ठाऊक. पण पहिलं उत्तर लवकर मिळवायचे मार्ग आहेत आणि त्यासाठी सगळा तुकडा ॲसिडमध्ये घालावा लागत नाही. ताजा तुकडा काचेवर हलकेच टेकवला की काही पेशी काचेला चिकटतात. ती काच रंगवून बघायला डीकॅल लागत नाही. शिवाय हाडातल्या गाठीचा काही भाग बऱ्याचदा मऊच असतो. तो वेगळा काढून नेहमीच्या मार्गाने पुढे पाठवता येतो, आणि उरलेला हाडाचा भाग ईडीटीएत जातो. दोन तुकडे मिळाले असतील तर एक पटकन आणि एक सावकाश, असंही करता येतं.

दुसरा आक्षेप माझ्याच क्षेत्रातला आहे: सगळ्यांना ईडीटीए कशाला? बरोबर आहे. मी ॲसिडच्या विरोधात मोहीम काढलेली नाही. मधुमेही माणसाच्या पायाचं बोट कापलं आणि हाडात जंतुसंसर्ग कुठवर गेलाय एवढंच बघायचं असेल, तर ॲसिड पुरे. झिजलेला खुबा बदलताना काढलेल्या हाडालाही फॉर्मिक ॲसिड चालतं. रक्ताच्या कर्करोगात मगज सुईने ओढून घेतात, तो पातळ असतो आणि जनुकांच्या तपासण्या त्यावर होतात, त्याला डीकॅल लागतच नाही. वेळ आणि मनुष्यबळ फुकट नसतं, ते मला रोज दिसतं. ईडीटीए किमतीला फार महाग नाही. महाग आहे तो त्याला लागणारा वेळ. कोमट ठेवून आणि हलवत राहून तो कमी करता येतो, पण शून्य करता येत नाही.

माझा आग्रह आहे तो तुकडा द्रावणात पडण्याआधी विचार व्हावा याचा. पसरलेल्या कर्करोगाची शंका असेल, तर तीव्र ॲसिडला हात लावू नये. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने इतर दोन संस्थांबरोबर २०१३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जनुक तपासणीसाठी शिफारशी दिल्या, त्यात ॲसिडच्या डीकॅलमधून गेलेले नमुने टाळावेत असं म्हटलं आहे. म्हणजे ज्ञान आहे. ते लॅबच्या बाकापर्यंत पोचत नाही, आणि पोचलं तरी दाराशी उभा राहून "आजच द्या" म्हणणाऱ्या नातेवाइकासमोर टिकत नाही.

आणखी एक गोष्ट मला लॅबवाल्यांकडून हवी आहे. भारत असो की इंग्लंड, हाडाच्या प्रत्येक रिपोर्टवर एक ओळ छापा: कोणत्या द्रावणात, किती वेळ डीकॅल केलं. तीव्र ॲसिड वापरलं असेल आणि रिसेप्टर निगेटिव्ह आले असतील, तर या निगेटिव्हवर पूर्ण भरवसा ठेवता येणार नाही, हेही लिहा. त्या एका ओळीला खर्च काही नाही. पण दोन वर्षांनी तो रिपोर्ट हातात घेणाऱ्या डॉक्टरला तिच्यामुळे कळेल की हा शब्द किती वजनाचा आहे.

फोन करायचाच असेल तर

तुम्ही फोन करणार, मला माहीत आहे. करा. फक्त वेळ आणि प्रश्न बदला. बायोप्सी झाल्यावर पाचव्या दिवशी "अजून का नाही" असं विचारण्यापेक्षा, बायोप्सीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा.

एक, आधीच्या आजाराची माहिती बायोप्सीच्या फॉर्मवर लिहिली आहे ना? नुसतं 'हाडाची बायोप्सी' असं लिहून आलं, तर लॅबला कळायला मार्ग नसतो की पुढे रिसेप्टर तपासायचे आहेत. जुन्या रिपोर्टची प्रत सोबत द्या.

दोन, हाड कशात डीकॅल करणार? ईडीटीए असेल तर उत्तम. फॉर्मिक ॲसिड असेल तर किती वेळ आणि कामाचा शेवट कसा तपासणार, ते विचारा. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक असेल, तर दुसरी सोय होईल का ते विचारा.

तीन, मऊ भाग किंवा दुसरा तुकडा डीकॅल न करता वेगळा ठेवता येईल का?

चार, ॲसिडमध्ये टाकण्याआधी तुकडा फॉर्मालिनमध्ये पुरेसा वेळ राहणार आहे ना? नीट न टिकवलेल्या पेशींचं ॲसिड फार जास्त नुकसान करतं. घाईत ही पायरीही कापली जाते. हर-टूसारख्या तपासण्यांसाठी ६ ते ७२ तास फॉर्मालिन, असा दंडक आहे.

हे प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. "आम्हाला थोडा उशीर चालेल, पण पुढच्या तपासण्या नीट व्हायला हव्यात," एवढं म्हणा. लॅबमधल्या माणसाला हे वाक्य किती क्वचित ऐकायला मिळतं, याची तुम्हाला कल्पना नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक फोन घाईचाच असतो. 'सावकाश करा' असं सांगणारा एखादा फोन आला, तर त्या तुकड्याकडे जास्त लक्ष जाईल, कमी नाही.

आणि उत्तर आलं की "डीकॅल चालू आहे, अजून दोन दिवस लागतील," तर तिकडे कुणी हातावर हात ठेवून बसलेलं नाही, हे मनाला सांगा. एका छोट्या बाटलीत आईच्या हाडाचा काडीएवढा तुकडा आहे. त्यातलं कॅल्शियम एकेक आयन करून सुटतंय आणि बाकी सगळं जागच्या जागी राहतंय. तिच्यासाठी पुढचं औषध कुठलं, याचं उत्तर त्या 'बाकी सगळ्यात' आहे. दोन दिवस थांबलात तर ते वाचता येईल.